स्पूलचं माप

“हे जावई का तुमचे?”

शोरूमवाल्या मुजुमदारांनी माझ्याकडं नुसती हनुवटी उडवून आबांना विचारलं. पुण्याजवळच्या भोसरीतल्या त्या मशीनच्या शोरूमच्या काचेच्या दारात आम्ही तिघं उभे होतो. आबा पुढं, त्यांच्या कोपराला लागून माझी बायको वृषाली, आणि मी मागं, हातात गाडीची किल्ली आणि पाण्याच्या बाटल्या.

“जावई न्हवं, ह्यो पोरगा,” आबा म्हणाले. “ही सून.”

“असं होय! मला वाटलं, ह्या तुमच्या कन्या. फोनवर मशीनबद्दल अगदी तुमच्यासारखंच बोलतात.”

आबा खूश होऊन हसले. वृषाली लाजून हसली. मीही दात दाखवले. पण कोल्हापूर सोडल्यापासून पोटात जे धुमसत होतं, त्याच्यावर त्या माणसानं चमचाभर रॉकेल ओतलं.

सबंध रस्ता मी ओम्नी चालवत होतो आणि ती दोघं मागच्या सीटवर. आबांना म्हटलं, पुढं बसा, तर म्हणाले, “नको, वृषालीसंगट बोलायचंय.” कराड गेलं, सातारा गेलं, खंबाटकीचा घाट उतरलो, तरी ह्यांचं बोलणं संपेना. ती मशीनचे कॅटलॉग मोठ्यानं वाचत होती आणि आबा डोळे मिटून कीर्तन ऐकावं तसं ऐकत होते. मधेच म्हणायचे, “ते परत वाच.” ती परत वाचायची. आरशात मला दोघांची डोकी एकमेकांकडं झुकलेली दिसत. भाड्याची गाडी केली असती तर तिच्या ड्रायव्हरशीसुद्धा आबा चार शब्द बोलले असते.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी पस्तिशीत होतो आणि आबा, म्हणजे माझे वडील ईश्वरा सुतार, सत्तरीला टेकले होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ईश्वरामिस्त्री म्हटलं की गल्ली सांगावी लागत नसे. ऑईल इंजिनांचे दिवस जोरात होते तेव्हा त्यांनी एका लेथवर शेड उभी केली, आणि इंजिनं गेली तरी शेड टिकवली. आता आम्ही पुण्याच्या एका कंपनीला स्पूल करून द्यायचो. स्पूल म्हणजे बोटाएवढी पोलादी दांडी, अंगावर खाचा पाडलेली. ती व्हॉल्व्हच्या पोटात सरकते आणि तेल कुठल्या वाटेनं जायचं ते ठरवते. जरा जाड झाली की अडकते, जरा बारीक झाली की तेल गळतं. माणसाच्या केसाचे उभे आठ-दहा भाग करावेत, त्यातल्या एका भागाएवढी चूक चालायची, त्याच्यावर नाही.

आबा हाताच्या लेथवर तसले स्पूल काढायचे. पण कंपनीत नवे साहेब आले आणि त्यांनी सांगून टाकलं की दिवाळीनंतर हाताचा माल बंद, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर केलेलाच घेणार. नाही जमलं तर दुसरीकडं जाणार. शेडचं निम्म्याच्या वर पोट त्या एका मालावर होतं. म्हणून मशीन घेणं भाग होतं.

आता माझ्या पोटातल्या आगीचं सांगतो.

मला आबांनी सोळाव्या वर्षी लेथवर उभं केलं आणि त्याच वर्षी उतरवलं. सगळ्या कामगारांदेखत म्हणाले, “सयाच्या हातात माप थांबत न्हाई. ह्याच्या नजरंतच माप न्हाई.” माझं नाव सयाजी. तेव्हापासून मी बाहेरचं बघायला लागलो. मटेरियल आणायचं, माल पोचवायचा, कंपन्यांच्या फाटकावर ताटकळायचं. ते काम मी चांगलं केलं. पण शेडमध्ये आलो की मी पाहुणा.

मग माझं लग्न झालं आणि वृषाली आमच्या घरात आली. गडहिंग्लजकडची. गारगोटीला मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. पहिल्या महिन्यात ती शेडमध्ये डबा घेऊन यायची, दुसऱ्या महिन्यात डबा देऊन थांबायला लागली, आणि एक दिवस मी बाहेरून आलो तर आबांच्या लेथवर पदर खोचून उभी. आबा शेजारी हाताची घडी घालून. मला बघून म्हणाले, “बघ, हिच्या हातात कसं थांबतंय.”

तिच्या माहेराकडं सासऱ्याला मामा म्हणतात. तिनं मात्र सहा महिन्यांतच आबा म्हणायला सुरुवात केली. घरात आईला त्याचं कोण कौतुक. मला वाटायचं, एवढा एक शब्द तरी माझा एकट्याचा होता.

ती चांगली होती, अजूनही आहे, त्याबद्दल तक्रार नाही. रात्री आम्ही गप्पा मारायचो, पोरीला दोघं मिळून झोपवायचो. पण सकाळी शेडचं शटर वर गेलं की ती माझी बायको राहायची नाही, आबांची माणूस व्हायची. आणि गेल्या दसऱ्यापासून तर हे फारच वाढलं होतं. आबा आता कुठलंही माप स्वतः बोलायचे नाहीत. जाडी मोजायचा मायक्रोमीटर पीसवर बसवायचे, त्याची टिकटिक ऐकायचे आणि तिच्यापुढं धरून म्हणायचे, “वाच बघू.” ती वाचायची. “शाब्बास.” कामगार म्हणायचे, मिस्त्री सुनेला तयार करतोय. दोनदा ती दोघं मिरजेला जाऊन आली. विचारलं तर म्हणे पोलादाचे बार बघायला. मटेरियल आणायचं काम माझं. मला न सांगता बार बघायला मिरजेला? आल्यावर दोघंही गप्प. आणि माझ्याशी बोलताना आबा माझ्या तोंडाकडं बघेनासे झाले होते. बोलायचे माझ्याशी आणि बघायचे माझ्या खांद्यावरनं पलीकडं, भिंतीकडं. मी तेवढ्याही लायकीचा उरलो नव्हतो, असं मी मनाशी धरलं होतं.

मशीन कुठलं घ्यायचं ह्यावरनं घरात महिनाभर चाललं होतं. मला मोठं हवं होतं. त्याचं कापायच्या हत्यारांचं डोकं गोल फिरतं, एकेक हत्यार समोर आणतं, अंगानं भक्कम, उद्या जाड काम आलं तरी घेईल. वृषालीला लहान हवं होतं. दिवाणाएवढी जागा घेणारं, हत्यारं एका ओळीत उभी. तिचं म्हणणं, स्पूलसारख्या बारीक कामाला हेच नेमकं, डोकं फिरायचा वेळ वाचतो, आणि आपल्या शेडच्या बोळातनं मोठं मशीन आत जाणार तरी कसं. ह्यातलं काहीही खोटं नव्हतं. माझंही खोटं नव्हतं. पण तिनं मोठं मागितलं असतं तर मी लहान मागितलं असतं, हे मला तेव्हाही आतून ठाऊक होतं.

शेवटी आबा म्हणाले, जाऊ, दोन्हीवर आपला स्पूल काढून बघू.

मुजुमदार तसे सज्जन. त्यांनी दोन्ही मशीन पुसूनबिसून तयार ठेवली होती. आम्ही नेलेले बार त्यांच्या माणसानं लावले. वृषालीनं स्पूलचा नकाशा पसरला आणि ती व तो माणूस मशीनच्या प्रोग्रॅमवर बोलायला लागले. आबा तिच्या मागं उभे. मी एका बाकावर बसून पाण्याची बाटली संपवली.

आधी मोठं चाललं. दार सरकून बंद झालं, काचेआड पांढरं पाणी उसळलं आणि पीस निघाला. मग लहान चाललं. तेवढ्यात कसल्यातरी झाकणातलं तेल वृषालीच्या हाताला आणि बाहीला लागलं. “धुऊन येते,” म्हणाली आणि मागच्या बाजूला गेली. ती गेली आणि लहान मशीनचा पहिला पीस बाहेर आला.

मुजुमदारांनी तो कापडानं पुसला आणि वडीलकीच्या मानानं आबांच्या हातात दिला. वर आपला मायक्रोमीटर दिला. “बघा, मिस्त्री. तुम्हीच सांगा.”

आबांनी वृषाली गेली त्या दाराकडं एकदा मान वळवली. मग मायक्रोमीटर पीसवर बसवला, बोटांनी फिरवला. टिक, टिक, टिक. उजेडाकडं धरला. जरा वेळानं म्हणाले, “साईजला हाय.”

“बघू,” मी म्हटलं.

मी त्यांच्या हातातून तो तसाच अलगद घेतला. मला माप धरता येत नसेल, वाचता येतं. माप चाळीस मायक्रॉन जास्त होतं. थोडंथोडकं नाही, त्या स्पूलच्या हिशेबानं हत्ती जाईल एवढं. मी परत बघितलं. चाळीसच.

माझ्या डोक्यात जे झालं ते एका क्षणात झालं. ज्या माणसानं जन्मात कधी माप खोटं सांगितलं नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी नाही, सणाचा माल परत आला तरी नाही, तो माणूस सुनेच्या आवडीच्या मशीनसाठी खोटं बोलतोय.

“आबा,” मी म्हटलं, आणि माझा आवाज वाढला हे मला कळत होतं, “एवढं? तिच्यापायी आता मापसुद्धा खोटं सांगाय लागलासा?”

मुजुमदारांचा माणूस कापडानं हात पुसता पुसता थांबला.

“खोटं?” आबा म्हणाले.

“चाळीस जास्त हाय पीस. तुम्ही म्हणताय साईजला. आमची अक्कल काढायची आयुष्यभर, आन् तिच्या मशीनला मात्र डोळं झाकून पास?”

आबांनी हात पुढं केला. मी मायक्रोमीटर दिला. पीस अजून त्याच्या जबड्यात होता. त्यांनी तो डोळ्यांसमोर आणला, मान जराशी तिरकी केली आणि सावकाश, वाचल्यासारखं करून म्हणाले, “व्हय. तू म्हंतोस तसं. चाळीस जास्त.”

मायक्रोमीटर उलटा होता. आकडे, रेघा, सगळं माझ्या बाजूला. आबांच्या डोळ्यांपुढं कोरं लोखंड होतं. घरचा मायक्रोमीटर त्यांच्या अंगठ्याच्या ओळखीचा होता. हा परका होता. ते त्या कोऱ्या लोखंडाकडं बघून माझा आकडा मलाच परत सांगत होते.

मुजुमदारांनीही पाहिलं. त्यांनी चट्‌कन खाली बघितलं आणि बुटाच्या टोकानं जमिनीवरचा लोखंडी कीस बाजूला सारला.

मागच्या दारात वृषाली ओल्या हातांनी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, आबांच्या हाताकडं बघितलं, आणि झपाझप येऊन मायक्रोमीटर आपल्या हातात घेतला. “पहिला पीस आहे, आबा. हत्यार अजून मापाला सरकवलेलं नाही. आता सरकवते.” आवाजात काही नाही. रोजचा आवाज. म्हणजे किती दिवस ती हा आवाज काढत आली असेल.

मी बाहेर आलो. शोरूमच्या आवारात ट्रक उलटवायची मोकळी जागा होती, कडेला एक रेनट्री. थोड्या वेळानं वृषाली मागोमाग आली.

“कधीपासनं?” मी विचारलं.

“गेल्या दसऱ्याच्या आधीपासनं.”

“मिरजेला...”

“डोळ्यांच्या डॉक्टरकडं. साखरेनं पडदा खराब झालाय. सुया दिल्या डोळ्यात, दोनदा. आता आहे तेवढंच राहील म्हणाले, गेलेलं येणार नाही.”

“डोळ्यात सुया?”

“हं. तेव्हा मी होते जवळ. माझा हात धरला होता त्यांनी.”

“आणि मला सांगितलं नाहीस. मुलगा मी आहे त्यांचा.”

“त्यांनी पोरीची शपथ घातली होती, अहो. म्हणाले, आख्ख्या उद्यमनगराला कळलं तरी चालंल. सयाला तेवढं कळता कामा नये.”

“का?”

“ते तुम्ही त्यांनाच विचारा,” ती म्हणाली. आणि पहिल्यांदाच तिचा आवाज फाटला. “मी थकले आता हे करून.”

मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण आधी ते वाटलं नाही. आधी डोळ्यांपुढं आलं मिरजेचं ते बाक, जे मी कधी बघितलं नव्हतं. त्यावर आबा बसलेत, घाबरलेत, आणि कुणाचा तरी हात धरतायत. तो हात माझा नव्हता. आबा कधी कशाला घाबरल्याचं मी जन्मात पाहिलं नाही. तिनं पाहिलं. ते तिला मिळालं होतं. मी त्या झाडाखाली उभा राहून आपल्या आंधळ्या होत चाललेल्या बापाच्या भीतीवरसुद्धा जळत होतो.

आबा हळूहळू बाहेर आले. पायरी नीट उतरले. रस्ता त्यांना दिसत होता. वृषाली आत निघून गेली. आबांनी वॉचमनच्या खोलीजवळचा कट्टा चाचपला आणि बसले.

“बस,” म्हणाले.

मी बसलो.

“कडंनं दिसतंय समदं,” त्यांनी सुरुवात केली, कुणी न विचारता. “दार दिसतंय, ताट दिसतंय, ट्रक दिसतोय त्यो. मधलंच गेलंय. ज्याच्याकडं नीट बघाय जावं तेवढंच नाहीसं हुतंय. तुझं तोंड बघायचं झालं तर मला तुझ्या कानाकडं बघाय लागतं. सरळ बघितलं की तू न्हाईसच. नुसता काळा ठिपका.”

आत्ताही ते माझ्या कानाकडंच बघत होते.

“मला का न्हाई सांगितलंसा, आबा?”

रस्त्यावरनं एक टेम्पो पत्रे घेऊन गेला, त्याचा खडखडाट संपेपर्यंत आबा थांबले.

“तुला मी लेथवरनं उतरवला. साऱ्या शेडदेखत. तुझ्या नजरंत माप न्हाई म्हनलो. त्या दिवशी तू रडला न्हाईस. गुमान हात धुतलंस आन् घरला गेलास. मला ते कवा इसरलं न्हाई.” त्यांनी हातानं गुडघे चोळले. “आता माझ्याच नजरंतनं माप गेलं. ते तुला कुठल्या तोंडानं सांगू? सुनंला सांगताना काय वाटलं न्हाई. ती परवा आली, तिनं माझं काय बघितलंय? तुझ्याम्होरं नको वाटलं.”

त्यांचा हात मांडीवर होता, मी त्यावर हात ठेवलाही असता, पण आमच्यात तसलं कधी नव्हतं. मी वॉचमनकडनं त्यांच्यासाठी पाणी आणलं. ते प्याले.

“तेवढं मशीनचं बघ आता,” ग्लास परत देताना म्हणाले. “तू म्हंशील ते घिऊ. वृषालीला सांगतो मी.”

सोळाव्या वर्षापासून हे वाक्य ऐकायला मी थांबलो होतो. आणि ते आलं ते असं. मला मोठं मशीन म्हणायचं होतं. जिभेवर होतं. त्यांनी एका शब्दानं होकार दिला असता, वृषालीनं एका शब्दानं विरोध केला नसता, हे मला पक्कं माहीत होतं.

“आत चला,” मी म्हटलं.

मी मुजुमदारांना म्हटलं, दोन्ही मशीन परत चालवा, एकेक करून. आणि आबांना मोठ्या मशीनपाशी नेलं, त्यांचा तळवा दारावर टेकवला. “काय कळतंय?”

मशीन सुरू झालं. आबांनी मान खाली घातली. ऐकलं. “काय न्हाई,” म्हणाले. “जाडजूड हाय. पल्याडच्या खोलीत कोण बोलतंय जणू.”

मग लहान मशीन. त्याचं झाकण पातळ, आणि कापणारी जागा अगदी हाताशी. मशीन सुरू झालं. आबांनी दोन्ही हात झाकणावर ठेवले, कान जवळ नेला. हत्यार पोलादाला लागलं तसा त्यांचा चेहरा बदलला. भुवया वर गेल्या. दुसरा पीस, तिसरा पीस. चौथ्याला म्हणाले, “थांबवा. ह्या हत्याराची धार खाल्लीय जरा.”

मुजुमदारांच्या माणसानं हत्यार काढून बघितलं, भिंगाखाली धरलं. “किंचित आहे,” म्हणाला. “पण काम चाललं असतं.”

“चाललं असतं,” आबा म्हणाले, “आनखी वीस पीस. मग बिघडलं असतं.”

“हेच घेऊ,” मी म्हटलं.

वृषालीनं माझ्याकडं बघितलं. “तुम्हाला तर मोठं हवं होतं.”

“आता नको.”

तिनं लहान मशीन मागितलं ते तिच्या कारणांनी. मी घेतलं ते माझ्या. ही दोन वेगळी मशीन होती, असं मला अजूनही वाटतं.

मशीन दिवाळीच्या आधी आलं. बोळातनं आत घेताना निम्मं उद्यमनगर बघायला जमलं. कंपनीचा पहिला माल गेला, पास झाला, दुसरा गेला. शेड वाचली. वृषाली प्रोग्रॅम करायची आणि आबा मशीनशेजारी स्टुलावर बसायचे, एक हात झाकणावर.

आणि आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून असेल, पण ते मला हाक मारायला लागले. “सया, हत्यार बघ.” मी मशीन थांबवायचो, हत्यार काढायचो. बहुतेक वेळा धार गेलेली असायची. कधी नसायचीही, तर मी तसं सांगायचो, आणि ते म्हणायचे, “मग चालू दे.” एके दिवशी त्यांनी पीसवर मायक्रोमीटर बसवला, टिकटिक ऐकली, आणि माझ्यापुढं धरला.

“वाच.”

मी वाचलं.

“परत वाच.”

परत वाचलं.

“हं,” ते म्हणाले.

तो “हं” मी घरी घेऊन गेलो. आईला सांगावंसं वाटलं, पण सांगणार काय? मग मी बाहेरची कामं लवकर उरकून शेडवर यायला लागलो. माल पोचवायला एक माणूस ठेवला. सकाळचं शटर मीच वर करायला लागलो.

असेच काही आठवडे गेले. एका संध्याकाळी जेवताना वृषाली मला भाकरी वाढत होती. आबा आणि आई आतल्या खोलीत होते. तव्याकडं बघत, सहज म्हटल्यासारखी ती म्हणाली, “आबांनी आज दिवसभरात मला एकदाही हाक मारली नाही.”

“हो का?” मी म्हटलं.

“कामात असतील,” ती म्हणाली, आणि दुसरी भाकरी थापायला घेतली. जरा जास्तच जोरानं थापली.

तो सहजपणा मला चांगला ओळखीचा होता. तसल्या आवाजात मी स्वतः कित्येक वर्षं बोललो होतो. मला सगळ्यात आधी काय वाटलं असेल? गोड वाटलं. जिभेवर गुळाचा खडा ठेवावा तसं. मी तो बराच वेळ चघळला, भाकरीबरोबर, आमटीबरोबर. मग तिनं माझ्या ताटात भाकरी टाकली तेव्हा तिचा हात दिसला. मनगटावर कीस लागून पडलेले बारीक डाग, पीठ लागलेली बोटं. मिरजेला आबांनी हाच हात धरला होता. गोडी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर केलं, मशीन सुरू केलं आणि तिला म्हटलं, “तू थांब आज आबांच्याजवळ. मी शिरोलीला बार बघून येतो.”

“बार?” ती म्हणाली. “परवाच तर आलेत.”

“अजून बघून ठेवतो.”

तिनं माझ्याकडं जरा रोखून बघितलं. मग पदर खोचला आणि मशीनकडं गेली. आबांनी विचारलं, “कोण हाय?” आणि ती म्हणाली, “मीच आहे, आबा.”

मी शिरोलीला गेलो नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाची गाडी होती, तिथल्या बाकावर जाऊन बसलो. ओळखीची माणसं येत होती, जात होती, काय सयाजीराव, आज निवांत, म्हणत होती. गल्लीतली सगळी मशीन चालू होती, लेथ, ड्रिल, कुणाचं ग्राइंडर, आणि त्या सगळ्या आवाजातनं आमच्या मशीनचा आवाज वेगळा काढायचा मी प्रयत्न करत होतो. आबांसारखा कान मला नाही. एकदा मशीन थांबल्यासारखं वाटलं. मग आबांनी हाक मारली, हे मात्र नक्की ऐकलं. नाव कुणाचं ते कळलं नाही. मी अर्धवट उठलो, तसाच थोडा वेळ उभा राहिलो, आणि परत बाकावर बसलो.